ड्रिलची बॅटरी दगा का देते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं बदलायचं काम काढलं होतं. मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी तीसेक वर्षं वीजतंत्री शाखेच्या मुलांना शिकवलं. आमच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामाची मुलंही येऊन-जाऊन असत, त्यांपैकी हा एक. मेअखेरीला तो राधानगरीकडे गावी गेला होता. भाताची लावणी उरकून ऑगस्टच्या मध्याला परतला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे कामाला आला. पेटी उघडली, बॅटरीवरचं ड्रिल काढलं, खटका दाबला. काही नाही. बॅटरी चार्जरला लावली. चार्जरचा तांबडा दिवा नुसता लुकलुकत राहिला. अर्धा तास वाट पाहिली, तरी दिवा तसाच.

"सर, बॅटरी मेली," तो म्हणाला. "वर्ष-दीड वर्षच झालं हो घेऊन."

मी विचारलं, "गावी जाताना चार्ज करून ठेवली होतीस का?"

"नाही सर. पूर्ण उतरवूनच ठेवली होती. तुम्हीच सांगितलं होतं ना, बॅटरी अर्धवट ठेवायची नाही, पार उतरवायची म्हणून!"

श्रोतेहो, मला काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. सांगितलं होतं, हे खरं. एका मुलाला नव्हे, शेकडो मुलांना सांगितलं होतं. आणि ज्या काळात सांगितलं त्या काळात ते बरोबरही होतं. पण बॅटरी बदलली आणि माझा सल्ला मात्र मुलांच्या डोक्यात तसाच राहिला. त्याची किंमत या मिस्त्रीनं मोजली, म्हणून आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

तारेशिवाय चालणारं ड्रिल ही तशी जुनी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीनं १९६१ साली असं ड्रिल बाजारात आणलं. १९७१ साली अपोलो १५ मधून बॅटरीवरचं ड्रिल चंद्रावर गेलं. तिथं ते वापरताना डेव्हिड स्कॉट यांच्या नाकी नऊ आले, सळई ठरल्याइतकी खोल जाईना आणि आत गेलेली वर येईना. पण दोष बॅटरीचा नव्हता. सळईच्या सांध्यांवर आटे तुटलेले होते, त्यामुळे भुगा वर येत नव्हता. अपोलो १६ च्या वेळी ते दुरुस्त केलं गेलं. ही हकीकत मी वर्गात नेहमी सांगायचो. यंत्र अडलं की पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा, ही आपली सवय जुनीच आहे, एवढ्यासाठी.

त्या काळापासून पुढं पस्तीस-चाळीस वर्षं या हत्यारांत निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती दणकट होती. मोठा प्रवाह द्यायची, थंडी-ऊन सोसायची, पार उतरवून वर्षभर फळीवर ठेवली तरी पुन्हा उठायची. तिच्यात एक खोड होती. रोज थोडीशीच वापरून पुन्हा चार्ज केली, तर तिला तेवढ्याच वापराची जणू सवय लागे आणि पुढचं काम ती करीनाशी होई. म्हणून आम्ही सांगत असू, पूर्ण वापरा आणि मगच चार्जिंगला लावा. तिचा दुसरा दोष गंभीर होता. कॅडमियम हा विषारी धातू आहे. युरोपीय संघानं घरगुती वापराच्या उपकरणांतून तो २००६ च्या निर्देशानं काढायला लावला. बॅटरीवरच्या हत्यारांना तेवढी सवलत दिली होती, ती २०१६ च्या अखेरीस संपली.

तोवर लिथियम-आयन बॅटरीनं जागा घेतली होती. हिचा पाया घालणारे तिघं, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो. त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सोनीनं १९९१ साली ही बॅटरी प्रथम बाजारात आणली. पण ती ड्रिलमध्ये यायला बराच काळ जावा लागला. बॉशचा एक छोटा स्क्रू पिळायचा यंत्र-डिसमिस २००३ मध्ये आला आणि खऱ्या अर्थानं जड कामाची हत्यारं, मिलवॉकीची २८ व्होल्टची आणि माकिताची १८ व्होल्टची, २००५ मध्ये आली. उशीर का झाला? मोबाइलला वीज लागते थेंबाथेंबानं. ड्रिलचं तसं नाही. सागाच्या चौकटीत मोठा स्क्रू शेवटच्या वेढ्याला अडला की ते क्षणभरात वीस-तीस अँपिअर प्रवाह मागतं. तेवढा प्रवाह न तापता देणारे सेल आधी तयार व्हावे लागले.

आता ही बॅटरी आतून कशी असते ते पाहू. बाहेरचं प्लास्टिकचं कवच काढलं तर आत पाच नळकांडी दिसतात. भिंतीवरच्या घड्याळात आपण जो पेन्सिल सेल घालतो, त्यापेक्षा थोडी जाड आणि लांब. अठरा मिलिमीटर व्यास आणि पासष्ट मिलिमीटर लांबी, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. एकेक सेल ३.६ व्होल्टचा. पाच एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे पाचांचे २१. त्यामुळे दुकानात १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट असं लिहिलेली तीन ड्रिलं शेजारी शेजारी ठेवलेली दिसली, तर तिन्हींच्या पोटात तेच पाच सेल आहेत हे लक्षात ठेवा. जास्त आकडा म्हणून जास्त पैसे मोजू नका. हल्ली स्वस्त मालावर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असले आकडेही छापलेले असतात. ते व्होल्ट नव्हेत, ते नुसतेच आकडे आहेत.

पाच सेल एकापुढे एक आहेत, ही गोष्ट फार महत्त्वाची. पूर्वी जड नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपत. त्यातला एक बैल दमला तर बाकीचे थांबत नाहीत, त्याला फरफटत नेतात. इथंही तसंच होतं. पाचांतला एक सेल आधी रिकामा झाला, तरी उरलेले चार त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. निकेल-कॅडमियमचा सेल ही फरफट काही प्रमाणात सोसायचा. लिथियमच्या सेलला ती मुळीच सोसत नाही. म्हणून या बॅटरीत किंवा हत्यारात एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसवलेला असतो. सेल साधारण अडीच-तीन व्होल्टपर्यंत उतरला की तो हत्यार बंद करतो. काम करता करता ड्रिल हळूहळू मंदावत न जाता एकदम थांबतं ते त्यामुळे. अनेकांना वाटतं बॅटरीनं दगा दिला. खरं म्हणजे तिनं स्वतःला वाचवलेलं असतं.

मग आमच्या मिस्त्रीची बॅटरी का गेली? त्यानं ड्रिल थांबेपर्यंत चालवलं. थोडं थांबून पुन्हा खटका दाबला, पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. असं करत 'पार उतरवली'. आणि बॅटरी ड्रिललाच लावून पेटीत ठेवून दिली. आता पहारेकऱ्यालाही थोडी वीज खायला लागते. अगदी नगण्य, पण अडीच महिने चोवीस तास. काही बॅटऱ्यांत हा पहारेकरी पाचही सेलांकडून सारखी वीज घेत नाही, एकाच सेलच्या ताटात जेवतो. मी कवच उघडून मीटर लावला. चार सेल अठ्ठावीस-एकोणतीस, म्हणजे २.८-२.९ व्होल्टवर होते. पाचवा ०.९ व्होल्टवर. ठाणभर कापडाला एका कोपऱ्यात कसर लागावी तसं.

यावर मिस्त्री म्हणाला, "सर, त्या एका सेलला दुसऱ्या बॅटरीनं जरा झटका देऊ. व्हिडिओत दाखवतात. मग चार्जर घेतो तिला."

हे खरं आहे की असं केलं की चार्जर फसतो आणि चार्जिंग सुरू होतं. पण चार्जर ती बॅटरी नाकारत होता, त्याला कारण होतं. सेलच्या आत ग्रॅफाइटचा थर तांब्याच्या पातळ पत्र्यावर दिलेला असतो. सेल असा फार खाली गेला आणि तसाच पडून राहिला, की ते तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको त्या जागी जमा होतं आणि आतल्या आत धन-ऋण बाजू जुळून जाण्याचा धोका तयार होतो. आज, उद्या काहीच होणार नाही. महिन्याभरानं रात्री चार्जिंगला लावलेली असताना होईल. मिस्त्री बायको-मुलांसह एका खोलीत राहतो आणि चार्जर असतो पलंगाखाली. मी झटका दिला नाही. माझ्या हातून आधीच एक चुकीचा सल्ला गेला होता.

उतरवून ठेवण्याइतकाच दुसरा वैरी म्हणजे उष्णता. थोडं गणित करू, फार नाही. चांगल्या सेलच्या आतला विरोध सुमारे २० मिलिओहम धरा. तीस अँपिअर प्रवाह वाहिला की एका सेलमध्ये १८ वॅट उष्णता होते, पाचांत मिळून ९० वॅट. तुमच्या मुठीएवढ्या बंद डब्यात पूर्वीचा नव्वद वॅटचा पिवळा दिवा लावल्यासारखंच की हे! आता तीच बॅटरी दहा सेलांची घेतली, म्हणजे दोन-दोन सेल शेजारी जोडून पाच जोड्या, तर प्रत्येक सेलच्या वाट्याला पंधराच अँपिअर येतात आणि उष्णता साडेचार वॅट. निम्मी नव्हे, पाव! म्हणून जाडजूड बॅटरी नुसती जास्त वेळ चालते असं नाही, ती जास्त वर्षं टिकते. ग्राइंडर आणि वर्तुळाकार करवत ही सर्वांत खादाड हत्यारं. त्यांना पाच सेलांची छोटी बॅटरी लावून दिवसभर राबवणं म्हणजे तिला लवकर म्हातारी करणं.

म्हातारी होते म्हणजे काय होतं? सेलमधल्या ग्रॅफाइटवर पहिल्या चार्जिंगलाच एक पातळ पापुद्रा धरतो, दुधावर साय धरावी तसा. तो हवाच, तो आतल्या रसायनांना आवर घालतो. पण सेल गरम राहिला आणि वर पूर्ण भरलेला राहिला, की साय जाड होत जाते. तिच्यात लिथियम अडकून पडतं, ते कामाला येत नाही, आणि आतला विरोध वाढतो. विरोध वाढला की तेवढ्याच कामाला जास्त उष्णता. एकदा हे चक्र फिरू लागलं की बॅटरीचं उतरणीचं वय सुरू झालं म्हणायचं. वापर नसला तरीही हे चालूच असतं. म्हणून न वापरता ठेवायची बॅटरी ना पार उतरवून ठेवावी, ना काठोकाठ भरून. तीन-चार दिवे असतील तर दोन दिवे पेटतील इतकी भरावी, हत्यारापासून काढून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पाहावी. पत्र्याच्या शेडखाली नको, टेम्पोच्या काचेमागे तर नकोच नको.

चंद्रपूरला कामाला असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचा मे महिन्यात फोन आला होता. "सर, चार्जर खराब झालाय, दुपारी चालतच नाही, सकाळी चालतो." चार्जर उत्तम होता. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चार्जिंगची मर्यादा चाळीस अंशांच्या आसपास दिलेली असते. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस! बॅटरी थंड होईपर्यंत चार्जर थांबून राहत होता. या पठ्ठ्यानं त्यावर बॅटरी फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय काढला होता. तो करू नये. बाहेर काढल्यावर तिला घाम फुटतो, पाणी आत पट्टीवर उतरतं. शिवाय शून्य अंशाजवळच्या थंडीत चार्ज करणं तर या सेलांना उष्णतेहूनही वाईट. सावलीत, पंख्यासमोर ठेवावी. किंवा सरळ पहाटे चार्ज करावी, विदर्भातली माणसं उन्हाळ्यात बाकीची कामंही पहाटेच उरकतात.

आता बाजाराकडे वळू. मिस्त्रीनं नव्या बॅटरीची किंमत विचारली आणि गप्प बसला. ते मी समजू शकतो. ती कित्येक दिवसांची मजुरी होते. काही वेळा ड्रिलसकट संच घ्यावा इतकी एकट्या बॅटरीची किंमत असते, आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या हत्याराला बसत नाही. कंपन्यांनी मुद्दाम खाचा वेगळ्या ठेवल्या आहेत. यात गिऱ्हाइकाची सोय कुठं आहे, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. मग माणूस जातो गल्लीतल्या दुकानात आणि निम्म्याहून कमी पैशांत 'सेल भरून' आणतो.

भरून देणं हा गुन्हा नाही. काही कारागीर ते काम चोख करतात, नवे, जड प्रवाहाचे सेल घालतात, पत्र्या यंत्रानं स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. पण पुष्कळ ठिकाणी घातले जातात जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल. आकार तोच, दिसायला तेच. लॅपटॉपच्या सेलचा जन्म दोन-चार अँपिअर देण्यासाठी झालेला, त्यावर तीस अँपिअरचं ओझं टाकायचं. शिवाय पाच सेल पाच वेगवेगळ्या वयांचे. मघाची बैलांची गोष्ट आठवा. आणि ड्रिल सारखं थांबतंय अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत आलं, तर दुकानदार पहारेकऱ्यालाच वायरनं बगल देतो. ड्रिल चालू लागतं, गिऱ्हाईक खूश. हे मात्र मी पाहिलं तर भांडण करतो.

फसवणूक ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. वजन करा. या आकाराचा अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढं जात नाही. ९९०० असं छापलेला आणि हातात पिसासारखा लागणारा सेल खोटा. पाच अँपिअर-तासांची म्हणून विकलेली या सेलांची बॅटरी असेल तर तिच्यात दहा सेल हवेत, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमचे. कवचासकट सगळी मिळून साडेतीनशे भरली, तर उरलेले सेल कुठं आहेत ते दुकानदाराला विचारा. किराणा दुकानातल्या काट्यावर हे दोन मिनिटांत होतं.

हेही सांगायला हवं की चांगल्या कंपन्याही चुकल्या आहेत. २००६ साली सोनीचे सेल असलेल्या लाखो लॅपटॉप बॅटऱ्या परत बोलवाव्या लागल्या. २०१३ मध्ये बोइंगची ७८७ विमानं बॅटरीमुळे जगभर जमिनीवर बसून राहिली. २०१६ मध्ये सॅमसंगला एक अख्खा फोन मागं घ्यावा लागला. पण असे प्रकार लाखो-कोटींत मोजके. ड्रिलच्या ज्या बॅटऱ्या माझ्या टेबलावर आल्या, त्यांतल्या बहुतेक मेल्या त्या उपाशी ठेवल्यामुळे, भाजल्यामुळे किंवा उंचावरून पडून आतला सांधा निखळल्यामुळे. जी फुगली आहे, जिला विचित्र गोडसर वास येतोय किंवा जी चार्जरवर नुसती ठेवली तरी हाताला चटका देते, ती घराबाहेर मोकळ्यावर न्या आणि पुन्हा वापरू नका. पेट घेतला तर भरपूर पाणी ओता, पण लांबून, आणि धूर श्वासात घेऊ नका.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्या सुतार-फिटर मंडळींसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. सुटी बॅटरी विमानात सामानाच्या बॅगेत टाकायची नसते, हातातल्या बॅगेत ठेवायची असते, टोकांना चिकटपट्टी लावून. मर्यादा आहे शंभर वॅट-तासांची. १८ व्होल्ट गुणिले पाच अँपिअर-तास म्हणजे नव्वद, ती चालते. त्याहून मोठी असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं.

मेलेल्या बॅटरीचं काय करायचं? भंगारवाल्याला देऊ नका. तो ती हातोडीनं फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात विचारा, घेतली नाही तर पुन्हा विचारा. आमच्या मिस्त्रीची बॅटरी तूर्त टोकांना पट्टी लावून माझ्या व्हरांड्यात पत्र्याच्या डब्यात वाळूत ठेवली आहे. नवी घेतली, अस्सल. निम्मे पैसे मी देतो म्हटलं तर त्यानं ऐकलं नाही. मग कपाटांच्या मजुरीत मी घासाघीस केली नाही, इतकंच.

काम संपल्यावर मी आमच्या जुन्या संस्थेत गेलो. वर्कशॉपच्या भिंतीवर मी कधीकाळी ऑइलपेंटनं सूचना लिहिल्या होत्या. चौथी सूचना होती, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये. ती अजून तिथंच! आता शिकवणारा तरुण शिक्षक म्हणाला, "सर, दोनदा भिंत रंगवली, पण तुमचं अक्षर आहे म्हणून तेवढी जागा सोडली."

मी रंगाचा डबा आणि ब्रश मागून घेतला. चौथी सूचना स्वतःच्या हातानं पुसली. तिच्या जागी काय लिहायचं ते मुलांनाच ठरवायला सांगून आलोय.